मुलाखतीनंतरचे १२० दिवस: नागरिकत्वाचा अर्ज घेऊन मी फेडरल न्यायालयात का गेले

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला, मुलाखत झाली, परीक्षाही उत्तीर्ण झालो, पण इमिग्रेशन खाते निर्णयच देत नाही, अशा अवस्थेत अडकलेल्या मराठी मंडळींचे फोन मला अधूनमधून येतात. २०२४ मध्ये मी स्वतः याच अवस्थेत होते आणि शेवटी फेडरल जिल्हा न्यायालयात दावा दाखल करून त्यातून बाहेर पडले. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढत आहे. मी वकील नाही. माझे प्रकरण कॅलिफोर्नियातले, म्हणजे नवव्या सर्किटच्या (फेडरल अपील न्यायालयांचा एक प्रादेशिक विभाग) हद्दीतले होते आणि अन्य सर्किटांमध्ये काही मुद्द्यांवर न्यायालयांची मते वेगळी असू शकतात, हे वाचताना लक्षात ठेवावे.

माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख, २००८ सालची. भारतात जन्मलेल्यांची रांग पुढे सरकत सरकत ग्रीन कार्ड हातात पडले ते जून २०१८ मध्ये. नोकरीमार्फत ग्रीन कार्ड मिळालेल्यांना पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि ती मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी तो भरण्याची मुभा असते. त्यानुसार मार्च २०२३ च्या अखेरीस मी एन-४०० हा अर्ज ऑनलाइन भरला. तेव्हा शुल्क बोटांच्या ठशांसह ७२५ डॉलर होते. १ एप्रिल २०२४ पासून ते ऑनलाइन अर्जाला ७१० आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर झाले. पाच वर्षांतल्या प्रत्येक परदेशप्रवासाच्या तारखा अर्जात लागतात, कारण त्यांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढल्याचे दिसावे लागते. पासपोर्टवरचे शिक्के पुसट असतील तर विमान कंपन्यांच्या जुन्या ई-मेलमधून तारखा काढून ठेवाव्यात. पुढे हाच तक्ता मला न्यायालयातही उपयोगी पडला.

घाई होती ती आईसाठी. वडील गेल्यापासून ती सांगलीत एकटीच राहते. ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी याचिका करता येत नाही. नागरिकाला येते, आणि त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादाही नाही. माझ्या नागरिकत्वाचा निर्णय लांबला की आईचे येणे तेवढेच लांबणार होते.

मुलाखत १३ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे १०० प्रश्नांच्या संचातून जास्तीत जास्त दहा विचारत आणि सहा बरोबर आले की थांबत. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी संच १२८ प्रश्नांचा झाला असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात.) इंग्रजीचे एक वाक्य वाचले, एक लिहिले, अर्जातली उत्तरे पुन्हा तपासून झाली. अधिकारी बाई सौम्य होत्या. शेवटी त्यांनी एन-६५२ नावाचा एक पानी कागद माझ्यासमोर सरकवला. त्यावर परीक्षा उत्तीर्ण झाल्याची खूण होती, पण खाली मंजुरीची शिफारस केल्याचा चौकोन कोरा होता आणि ‘तुमच्या अर्जावर अद्याप निर्णय घेता येत नाही’ या ओळीपुढे फुली होती. कारण विचारले तेव्हा ‘वरिष्ठांकडून पाहणी बाकी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. हा कागद जपून ठेवा. मुलाखत कोणत्या तारखेला झाली याचा तो पुरावा आहे आणि पुढचे सगळे त्या एका तारखेवर अवलंबून असते.

त्यानंतरचे महिने कसे गेले हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ऑनलाइन खात्यात तीच ओळ, दूरध्वनीवर तेच छापील उत्तर. माझ्या मतदारसंघातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्यांच्या कार्यालयाकडे संमतिपत्र भरून चौकशी करायला सांगितली. त्यांनी ती तत्परतेने केली आणि ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हे उत्तर मला कळवले. गृहसुरक्षा खात्याच्या लोकपालाकडे फॉर्म ७००१ भरला. माहितीच्या कायद्याखाली माझ्या फाइलची प्रत मागवली. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत आणि पुढे दाव्यात ‘आम्ही हे सर्व करून पाहिले’ असे तारखांसह लिहिता येते, म्हणून प्रत्येकाने त्या कराव्यातच. पण त्यांतून निर्णय लागेल अशी आशा मात्र धरू नये. मला सर्वांत जास्त त्रास झाला तो कारण न कळण्याचा. रात्री जागून मी जुन्या कागदांत स्वतःचीच चूक शोधत बसे. फाइलची प्रत आली तेव्हा त्यातही आक्षेपार्ह असे काही दिसले नाही.

मे महिन्यात एका ओळखीच्या ताईंनी मला कायद्याचे कलम वाचायला सांगितले. अमेरिकी कायदेसंहितेच्या आठव्या टायटलमधले (भागातले) कलम १४४७, पोटकलम बी. मोजून दोन वाक्यांचे आहे. मुलाखतीच्या तारखेपासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदार आपल्या राहत्या भागातल्या जिल्हा न्यायालयाकडे जाऊ शकतो, हे पहिले. त्या न्यायालयाला प्रकरणावर अधिकार असेल आणि ते एक तर स्वतः निर्णय देईल किंवा योग्य सूचनांसह प्रकरण खात्याकडे परत पाठवील, हे दुसरे. मी ते इतक्यांदा वाचले की पाठ झाले. इमिग्रेशन कायद्यात सामान्य अर्जदाराच्या हातात इतके धारदार साधन क्वचितच दिलेले आढळते, आणि ते इथेच का दिले हे समजून घेतल्याखेरीज पुढे जायचे नाही असे मी ठरवले.

कारण इतिहासात सापडते. नागरिकत्व देणे हे अमेरिकेत मुळात खात्याचे काम नव्हतेच. १७९० च्या पहिल्या कायद्यापासून ते न्यायालयांचे काम होते. १९०६ मध्ये संघराज्याच्या पातळीवर एक ब्यूरो स्थापन झाला, त्याचे परीक्षक अर्ज तपासू लागले, पण नागरिकत्व बहाल करण्याचा अधिकार न्यायाधीशांकडेच राहिला. न्यायालयांपुढे कामाचा ढीग साचला, तेव्हा १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने तो अधिकार त्यांच्याकडून काढून ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाकडे, दिला. २००३ पासून तो गृहसुरक्षा खात्याकडे आहे. हे हस्तांतर बिनशर्त मात्र नव्हते. खात्याने वेळेत निर्णय दिला नाही तर न्यायालयाचे दार उघडे राहील आणि खात्याने अर्ज फेटाळला तर कलम १४२१(सी) नुसार न्यायालय तो अगदी पहिल्यापासून, स्वतःचे निष्कर्ष काढून तपासेल, अशा दोन वाटा काँग्रेसने राखून ठेवल्या. शपथ देण्याचा अधिकारही न्यायालयांकडे काही प्रमाणात ठेवला.

याचा अर्थ न्यायालये नेहमी अर्जदाराच्या बाजूची होती असा कोणी काढू नये, निदान आपण भारतीयांनी तरी नाही. १७९० चा कायदाच फक्त ‘गोऱ्या मुक्त व्यक्तीं’साठी होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२० मध्ये ओरेगनच्या फेडरल न्यायालयाने, परीक्षकाचा विरोध असतानाही, नागरिकत्व दिले होते. सरकारने त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागितली आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थिंद हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत असे ठरवले. त्या निकालाच्या आधारे आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे थिंद यांना ते १९३६ मध्ये परत मिळाले, आणि सर्वसाधारण भारतीयांसाठी हे दार १९४६ मध्ये उघडले. दोन्ही वेळा ते उघडले काँग्रेसने, कायदा बदलून. मला या सगळ्यातून जे दिसले ते असे: न्यायालय मोठे की खाते, हा प्रश्न मोघमपणे विचारून उपयोग नाही. तुमच्या अर्जाला जे कलम लागू आहे त्यात काँग्रेसने कोणाच्या हातात काय दिले आहे, ते वाचावे लागते.

माझे १२० दिवस १२ जून २०२४ रोजी संपले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे दोन मोठे निकाल आले. २८ जूनच्या ‘लोपर ब्राइट’ निकालाची तर आमच्या व्हॉट्सॲप गटांत फार चर्चा झाली. हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर सरकारी निरीक्षक ठेवायचा तर त्याचा खर्च बोटमालकाने द्यायचा का, अशा वादातून ते प्रकरण उभे राहिले होते. त्यात न्यायालयाने १९८४ पासून चालत आलेले ‘शेव्हरॉन’ तत्त्व मोडीत काढले. कायद्याचा मजकूर संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करावा, असे ते तत्त्व सांगत होते. आता १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याप्रमाणे अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशांनी स्वतःच्या बुद्धीने करायचे आहे. ‘आता खात्याचे काही चालणार नाही’ असे संदेश फिरू लागले. मलाही दोन दिवस तसेच वाटले.

वकिलाशी बोलल्यावर चित्र स्पष्ट झाले. मी पूर्ण प्रकरण त्यांच्याकडे दिले नव्हते. तासाच्या दराने सल्ला घ्यायचा आणि माझा मसुदा तपासून घ्यायचा, एवढेच ठरले होते, आणि त्याचे मिळून साधारण बाराशे डॉलर झाले. त्यांनी समजावले की माझ्या प्रकरणात मजकूर संदिग्ध नाहीच, १२० म्हणजे १२०. त्यामुळे ‘लोपर ब्राइट’ न येता तरी माझा हक्क तेवढाच पक्का होता. उलट एक आठवडा आधी, २१ जूनला आलेला ‘मुन्योस’ निकाल लक्षात ठेवा, असे त्या म्हणाल्या. त्यात एका अमेरिकी नागरिक महिलेच्या पतीला सॅन साल्वाडोरच्या वकिलातीने व्हिसा नाकारला होता, आणि न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की नवऱ्याला देशात आणण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही, त्यामुळे वकिलातीच्या नकाराची चिकित्सा न्यायालय करणार नाही. २०२२ च्या ‘पटेल विरुद्ध गारलंड’ प्रकरणाचेही त्यांनी उदाहरण दिले. जॉर्जियात वाहन परवान्याच्या अर्जात ‘अमेरिकी नागरिक’ या चौकोनात पंकजकुमार पटेल यांनी खूण केली. ती चुकून झाली असे ते सांगत होते, पण इमिग्रेशन न्यायाधीशांना ते पटले नाही. तो निष्कर्ष चुकीचा असला तरी फेडरल न्यायालयांना तो तपासता येणार नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले, कारण हद्दपारी टाळण्यासाठी पटेल मागत होते त्या ग्रीन कार्डसारख्या सवलतीपुरते न्यायालयांचे दार काँग्रेसने लावून घेतले आहे. एकाच कायद्याच्या पुस्तकात एका पानावर सताड उघडे दार आहे आणि दुसऱ्या पानावर कडी लावलेली आहे.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या दावा करण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असायला हव्यात. पहिली, घड्याळ कधी सुरू होते याबद्दलची. पार्श्वभूमीची तपासणी संपेपर्यंत ‘परीक्षण’ पूर्ण होत नाही, असा युक्तिवाद सरकारने पूर्वी केला होता आणि काही न्यायालयांनी तो मानलाही होता. परंतु पाचव्या सर्किटने २००७ च्या ‘वालजी’ प्रकरणात तो फेटाळला, कारण तपासणी पूर्ण झाल्यावरच मुलाखतीला बोलवायचे असा खात्याचा स्वतःचाच नियम आहे. नियम मोडून मुलाखत आधी घ्यायची आणि मग तपासणी बाकी म्हणून घड्याळ थांबले म्हणायचे, हे चालणार नाही. दुसरी गोष्ट नवव्या सर्किटच्या २००४ च्या ‘होव्सेपियन’ निकालातली: दावा दाखल झाला की अर्जावरचा अधिकार एकट्या न्यायालयाकडे जातो. त्यानंतर खाते तो मंजूरही करू शकत नाही आणि घाईने फेटाळूही शकत नाही, जोवर न्यायालय प्रकरण परत पाठवत नाही. अर्जात खरोखर काही अडचण असेल, म्हणजे जुनी अटक, कराची थकबाकी, दीर्घ काळ देशाबाहेर राहणे, तर मात्र दावा करण्याआधी पूर्ण वेळचा वकील करावा, कारण मग ती अडचण थेट न्यायाधीशांपुढे येते.

जुलै आणि ऑगस्ट मसुदा लिहिण्यात गेले. आमच्या जिल्हा न्यायालयात वकिलाविना दावा चालवणाऱ्यांसाठी एक विनामूल्य मदत केंद्र आहे, तिथल्या मंडळींनी नमुने दाखवले. माझा दावा सहा-सात पानांचाच झाला: मी कोण, कुठे राहते, अर्ज कधी केला, मुलाखत कधी झाली, १२० दिवस कधी संपले, मी काय काय चौकशा केल्या, आणि न्यायालयाकडे मागणी काय आहे. रागाचा किंवा दुःखाचा एकही शब्द ठेवू नका, असे वकीलबाईंनी बजावले होते आणि ते योग्यच होते. मागणी दोन पर्यायांत लिहिली: न्यायालयाने स्वतः निर्णय द्यावा, किंवा ठरावीक मुदत घालून प्रकरण परत पाठवावे.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी मी कागद घेऊन न्यायालयाच्या खिडकीवर गेले. दाव्याबरोबर जेएस-४४ नावाचे मुखपत्र भरावे लागते. त्यात दाव्याच्या प्रकारापुढे ‘४६२, नागरिकत्वाचा अर्ज’ ही नोंद निवडायची असते. तिच्याजवळच ‘४६५, इमिग्रेशनची इतर प्रकरणे’ अशी नोंद आहे, ती आपली नव्हे. शुल्क ४०५ डॉलर. खिडकीतल्या गृहस्थांनी प्रती वेगळ्या केल्या, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात शिक्का मारला, त्याखाली खटल्याचा क्रमांक आला, आणि मग समन्सच्या प्रत्येक प्रतीवर न्यायालयाची उठावाची मोहोर दाबून ते गठ्ठा माझ्याकडे देत म्हणाले, ‘हे तुम्ही स्वतः बजावायचे नाही.’ हा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. वादीला स्वतः समन्स बजावता येत नाही. १८ वर्षांवरील दुसऱ्या कोणीतरी ते करावे लागते. माझ्या मैत्रिणीने ती पाकिटे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली: एक स्थानिक यू. एस. ॲटर्नींच्या (त्या जिल्ह्यातले फेडरल सरकारचे वकील) कार्यालयातल्या दिवाणी विभागाला, एक वॉशिंग्टनला ॲटर्नी जनरलना आणि उरलेली प्रतिवादी अधिकाऱ्यांना. पोचपावत्या आल्यावर तिने प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि ते मी न्यायालयात दाखल केले. यू. एस. ॲटर्नींना समन्स पोचल्यापासून उत्तरासाठी सरकारला ६० दिवस मिळतात, म्हणून ती पावती सर्वांत महत्त्वाची.

घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती घाबरली. ‘सरकारवर केस केलीस? अगं, मग ते देतील का तुला?’ तिची भीती आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते, म्हणून स्पष्ट लिहिते: या कलमाखाली दावा करणे हा कायद्याने दिलेला क्रम आहे, त्यात वैर नाही, आणि मला त्याचा कुठेही जाच झाला नाही. तिला मी कलमाची दोन्ही वाक्ये मराठीत सांगितली. ती म्हणाली, ‘म्हणजे मुदत त्यांनीच घालून घेतली आहे तर.’

ऑक्टोबरच्या मध्याला सरकारी वकिलांची ई-मेल आली. अत्यंत सभ्य भाषेत त्यांनी कळवले की खाते आता अर्जावर निर्णय घ्यायला तयार आहे, परंतु अधिकार न्यायालयाकडे असल्यामुळे आधी प्रकरण परत पाठवावे लागेल. त्यासाठी दोन्ही पक्षांच्या संमतीचा मसुदा सोबत जोडला आहे. मसुद्यात ‘खाते त्वरेने निर्णय घेईल’ असे होते. याच जागी थांबून वाचले पाहिजे. ‘त्वरेने’ या शब्दाला तारीख नसते, आणि खटला एकदा निकाली निघाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कलमात ‘योग्य सूचनांसह’ हे शब्द आहेतच, त्यांचा आधार घेऊन मी कळवले की आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत निर्णय आणि तोपर्यंत न्यायालयाचा अधिकार कायम, असे दोन्ही घातले तर मी सही करीन. चार दिवस उत्तर आले नाही. ते दिवस मला फार जड गेले. आपण ताणून धरतो आहोत का, असे सारखे वाटत राहिले. पाचव्या दिवशी दोन्ही बदल स्वीकारलेला मसुदा आला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यायाधीशांनी त्यावर सही करून आदेश दिला. न्यायाधीशांसमोर उभे राहण्याची वेळ मला आलीच नाही, आणि माझ्या माहितीतल्या अशा बहुतेक प्रकरणांत ती येत नाही. न्यायालये स्वतः निर्णय देण्याऐवजी प्रकरण परत पाठवणेच पसंत करतात, कारण चौकशीची यंत्रणा खात्याकडे असते. म्हणून परत पाठवण्याच्या अटींवरच आपला सगळा जोर असावा.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा छोटी मुलाखत झाली. मधल्या काळातले प्रवास, पत्ता, नोकरी एवढेच विचारले. परीक्षा पुन्हा नव्हती. मंजुरी मुदतीच्या आत आली. पहिल्या खेपेला नेमके काय अडले होते, ते मला आजतागायत कळलेले नाही.

शपथविधी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, न्यायालयाच्या इमारतीतच झाला. खात्याच्या अधिकारी उठून न्यायाधीशांपुढे उभ्या राहिल्या आणि ‘या सर्व अर्जदारांना नागरिक म्हणून दाखल करून घ्यावे अशी विनंती आहे’ असे म्हणाल्या. न्यायाधीशांनी विनंती मान्य केली आणि मग शपथ दिली. १९९० पूर्वीच्या व्यवस्थेचा हा उरलेला धागा आहे. तो माहीत असल्यामुळे मला ते वाक्य ऐकताना भरून आले. नुकताच, म्हणजे १० डिसेंबरला, ‘बुआर्फा’ प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता: आधी मंजूर केलेली कौटुंबिक याचिका खात्याने रद्द केली तर ते खात्याच्या मर्जीतले आहे आणि न्यायालयांना त्यात पडता येणार नाही, असे सर्व न्यायाधीशांनी एकमताने ठरवले. आईसाठी जी याचिका मी करणार होते, तीही त्याच प्रकारची.

खर्चाबद्दल एक गोष्ट राहिली. सरकारविरुद्ध जिंकणाऱ्याला वकिलाची फी परत मिळण्याची सोय १९८० च्या एका कायद्यात आहे. मात्र २००१ च्या ‘बकहॅनन’ निकालाप्रमाणे, न्यायालयाने काही आदेश देण्याआधीच सरकारने स्वतःहून मागणी पुरी केली तर तुम्ही ‘जिंकणारा पक्ष’ ठरत नाही. नागरिकत्वाची पुष्कळ प्रकरणे अशीच मिटतात. तेव्हा पैसे परत येतील असा हिशेब धरून वकील करू नये.

जानेवारी २०२५ मध्ये आईसाठी आय-१३० ही याचिका ऑनलाइन भरली, शुल्क ६२५ डॉलर. या वाटेवर तोल अगदी निराळा आहे, हे वर आलेल्या निकालांवरून लक्षात येईलच. इथे १२० दिवसांसारखी मुदत नाही. फार उशीर झाला तर न्यायालयाकडे फक्त ‘निर्णय द्या’ एवढाच आदेश मागता येतो, आणि उशीर अवाजवी आहे की नाही हे अनेक निकष लावून ठरते. याचिका खात्याने नामंजूर केली तर न्यायालयात दाद मागता येते. परंतु शेवटचा निर्णय मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी घेणार, आणि त्याच्या नकारावर न्यायालय सहसा हात घालत नाही. म्हणून या खेपेला सगळा भर कागदांवर ठेवला आहे. आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव आहे, लग्नात पहिले नावही बदललेले, आणि माझ्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव. ती एकच व्यक्ती आहे हे दाखवणारी साखळी आधीच पक्की करावी लागते. तिच्या जन्माची नोंद नगरपालिकेत सापडली नाही, तेव्हा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घेतला आणि तिच्या थोरल्या भावाचे प्रतिज्ञापत्र करून घेतले. मामांचे वय ब्याऐंशी आहे. ज्यांना आईवडिलांसाठी पुढे याचिका करायची आहे त्यांनी अशा नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे, स्वतःच्या नागरिकत्वाची वाट न पाहता, आजच करून ठेवावीत.